पहिला बूट एकदाच होत नाही : ओपनडब्ल्यूआरटी राउटरची स्वयंचलित मांडणी

परभणीत बसून मी सेलू, मानवत, जिंतूर आणि गंगाखेड या तालुक्यांतील गावांच्या वाचनालयांसाठी राउटर तयार करून देतो. पहिल्या खेपेला ६ राउटर होते. प्रत्येक राउटर टेबलावर घेऊन त्याचे नाव, वायफाय, पासवर्ड आणि वेळ अशा सगळ्या सेटिंग मी हाताने भरल्या. पुढे जिंतूरकडच्या एका गावात भारनियमनानंतर इंटरनेट लवकर येईना, तेव्हा कोणीतरी पिन घेऊन राउटरचे रीसेटचे बटण दाबून धरले. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली खुली प्रणाली आहे, आणि तिच्यात हे बटण ५ सेकंदांहून अधिक दाबले की राउटर आपली सगळी सेटिंग पुसून कोऱ्या स्थितीत जातो. ग्रंथपालांचा फोन आला, "सर, दिवे तर सगळे लागलेत, पण वायफायचं नावच दिसंना." त्या एका बटणासाठी मला एसटीने जावे लागले आणि तेच काम पुन्हा हाताने करावे लागले. पुढच्या खेपेला २२ राउटर होते, आणि ते करताना मी ठरवले की राउटर कितीही वेळा कोरा झाला तरी त्याने स्वतःच पुन्हा उभे राहायला हवे.

ते कसे साधायचे हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. वाचकाला लिनक्सचे टर्मिनल वापरता येते आणि त्याने एकदा तरी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवले आहे, असे मी धरले आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टंकायचे आहेत.

बूट होताना आत काय घडते

स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी हा भाग नीट समजून घ्यावा, कारण पुढच्या बहुतेक चुका येथल्याच अर्धवट समजुतीतून होतात. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्यात भरलेल्या सॉफ्टवेअरचा, स्रोत २००३ मध्ये खुला झाला आणि २००४ मध्ये त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाले. तेव्हापासून या प्रणालीला अतिशय लहान फ्लॅशमध्ये राहावे लागले आहे, आणि तिची रचनाही त्यातूनच आली आहे. फ्लॅशमध्ये दोन थर असतात. खालचा थर स्क्वॅशएफएस या दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइल-प्रणालीचा असतो आणि तो राउटरवर 'रॉम' या डिरेक्टरीत दिसतो. वरचा थर लिहिता येणारा असतो, त्याला ओव्हरले म्हणतात. लहान एनओआर फ्लॅशवर तो जेएफएफएस२ चा असतो आणि नँड फ्लॅशवर बहुधा यूबीआयएफएसचा. आपण केलेला प्रत्येक बदल वरच्या थरात जातो आणि खालचा थर जसाच्या तसा राहतो. खालच्या थरातली फाइल पुसली तरी ती प्रत्यक्षात जात नाही, वरच्या थरात 'ही फाइल दाखवू नये' एवढी खूण पडते. फॅक्टरी रीसेट म्हणजे वरचा थर पुसणे. तो पुसला की खुणाही जातात आणि इमेजमध्ये, म्हणजे राउटरवर चढवलेल्या फर्मवेअरच्या फाइलीत, भरलेली प्रत्येक फाइल पुन्हा जिवंत होते. आपले सगळे काम याच गुणावर उभे आहे.

आता क्रम पाहू. कर्नल उठतो, प्रीइनिटमध्ये दोन्ही थर जोडले जातात, मग प्रॉकडी ही प्रक्रिया सुरू होते आणि ती इनिट-स्क्रिप्ट क्रमाने चालवते. त्यात १० क्रमांकाची 'बूट' नावाची स्क्रिप्ट आपल्या कामाची आहे. ती आधी कॉन्फिग-जनरेट चालवते. राउटरचे मॉडेल ओळखून कोणते पोर्ट लॅनचे (आतल्या जाळ्याचे) आणि कोणते वॅनचे (बाहेरच्या इंटरनेटचे) याची मूळ नेटवर्क-सेटिंग तेथे तयार होते. त्यानंतर 'ईटीसी' डिरेक्टरीतील 'यूसीआय-डिफॉल्ट्स' (यूसीआय ही ओपनडब्ल्यूआरटीची सेटिंग वाचण्या-लिहिण्याची पद्धत) या डिरेक्टरीतल्या फाइली अक्षरक्रमाने एकेक करून चालतात. एखादी फाइल यशस्वी झाली, म्हणजे तिने शेवटी शून्य परत दिला, तर ती पुसली जाते. शून्याखेरीज दुसरे काही परत आले, तर ती तशीच राहते आणि पुढच्या बूटला पुन्हा चालते. नेटवर्कची इनिट-स्क्रिप्ट २० क्रमांकाची आहे, म्हणजे ती या सगळ्यानंतर येते.

या क्रमातून तीन गोष्टी ठरतात. आपली स्क्रिप्ट चालते तेव्हा इंटरनेट नसते, म्हणून तेथून पॅकेज उतरवणे किंवा केंद्राशी, म्हणजे सगळ्या राउटरचे दुरून व्यवस्थापन करणाऱ्या सर्व्हरशी, बोलणे शक्य नाही. मूळ सेटिंग आधीच तयार असते, म्हणून आपण ती बदलायची असते, नव्याने लिहायची नसते. नेटवर्कची तयार फाइलच इमेजमध्ये घातली, तर कॉन्फिग-जनरेट ती बनवत नाही, आणि एका मॉडेलसाठी बरोबर असलेली पोर्टांची मांडणी दुसऱ्या मॉडेलवर लॅन बंद पाडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ही स्क्रिप्ट फॅक्टरी रीसेटनंतर पुन्हा चालते, आणि सेटिंग राखून फर्मवेअर अद्ययावत केल्यावरही पुन्हा चालते, कारण नव्या इमेजबरोबर ती फाइल नव्याने येते. दुसऱ्या प्रसंगी जुनी सेटिंग आधी परत बसवली जाते आणि आपली स्क्रिप्ट तिच्यावर चालते. याचा विचार न करता लिहिलेली स्क्रिप्ट ग्रंथपालांनी मधल्या काळात केलेला प्रत्येक बदल अद्ययावतीकरणाच्या रात्री मुकाट्याने उलटवते.

जेएफएफएस२ बाबत आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. पहिल्या बूटला हा थर अजून तयार होत असतो, म्हणून प्रणाली तात्पुरता थर रॅममध्ये उभारते आणि फ्लॅश तयार झाल्यावर त्यातला मजकूर तेथे हलवते. या अवधीत वीज गेली तर तोवरचे सगळे काम वाया जाते आणि पुढच्या बूटला ते पहिल्यापासून सुरू होते. म्हणूनच यूसीआय-डिफॉल्ट्सच्या स्क्रिप्टमध्ये रीबूटची आज्ञा कधीही लिहू नये. स्क्रिप्ट चालून गेल्याची खूणही रॅममध्येच असल्याने राउटर त्याच वर्तुळात फिरत राहू शकतो.

पायरी १ : यादी तयार करणे

प्रत्येक राउटरला आपण कोण हे कळले पाहिजे, आणि ते सांगणारी टिकाऊ गोष्ट म्हणजे त्याचा मॅक पत्ता, म्हणजेच नेटवर्क-उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख-क्रमांक. मी एक साधी मजकूर-फाइल ठेवतो. तिच्या प्रत्येक ओळीत मॅक पत्ता, एककाचा क्रमांक, राउटरचे नाव आणि वायफायची किल्ली असे चार रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. क्रमांक १ ते २५४ च्या आत ठेवावा, कारण पुढे आयपी पत्त्यात तोच वापरायचा आहे. नाव रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांतच बसवावे.

यादी बहुधा एक्सेलमध्ये तयार होते आणि तेथे दोन खड्डे आहेत. मॅक पत्ता कोलनशिवाय टंकला, आणि त्यात अंकांखेरीज 'ई' हे एकच अक्षर असले, तर एक्सेल त्याला घातांकाची संख्या समजून बदलून टाकते. त्यामुळे तो रकाना आधीच टेक्स्ट प्रकारचा करून ठेवावा. दुसरे असे की विंडोजमधून काढलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे अक्षर जास्तीचे असते, आणि ते थेट शेवटच्या रकान्याला, म्हणजे आमच्या बाबतीत वायफायच्या किल्लीला, चिकटते. किल्ली डोळ्यांना बरोबर दिसते, पण जोडणी मात्र होत नाही. इमेज बनवण्याआधी फाइल लिनक्सच्या ओळ-पद्धतीत बदलून घ्यावी. स्क्रिप्टच्या फाइलींनाही हेच लागू आहे.

राउटरवर चिकटवलेल्या लेबलावर मॅक पत्ता मोठ्या अक्षरांत असतो आणि लिनक्स तो लहान अक्षरांत देते. त्याशिवाय एकाच राउटरला लॅन, वॅन आणि वायफायचे पत्ते वेगवेगळे असतात, लेबलावर त्यांतला कोणता छापला आहे हे मॉडेलनुसार बदलते. ओपनडब्ल्यूआरटीत 'गेट-मॅक-लेबल' नावाचे फंक्शन आहे आणि पुष्कळ मॉडेलांवर ते लेबलावरचाच पत्ता देते. आपल्या मॉडेलवर ते एकदा चालवून लेबलाशी ताडून पाहावे. ते काही देत नसेल, तर 'सिस' डिरेक्टरीतील क्लास, नेट आणि मग त्या नेटवर्क-उपकरणाच्या नावाखाली असलेली 'अ‍ॅड्रेस' ही फाइल वाचावी, आणि यादीतही तोच पत्ता लिहावा.

पायरी २ : इमेज बिल्डर

पूर्ण फर्मवेअर स्रोतापासून बनवण्याची गरज नाही. ओपनडब्ल्यूआरटी प्रत्येक आवृत्तीबरोबर आणि प्रत्येक टार्गेटसाठी, म्हणजे राउटरच्या चिपच्या प्रकारासाठी, इमेज बिल्डर देते. तो ६४ बिट लिनक्स संगणकावर चालतो आणि तयार पॅकेज एकत्र करून काही मिनिटांत इमेज काढतो. तो उतरवून उघडल्यावर 'मेक इन्फो' चालवले की आपल्या राउटरचे प्रोफाइल-नाव कळते. त्यानंतर 'मेक इमेज' या आज्ञेला तीन गोष्टी सांगायच्या असतात : 'प्रोफाइल' म्हणजे राउटरचे नाव, 'पॅकेजेस' म्हणजे जास्तीची पॅकेज, आणि 'फाइल्स' म्हणजे आपल्या फाइली ज्या डिरेक्टरीत आहेत तिचे नाव. पॅकेजच्या नावाआधी वजाचे चिन्ह लावले की ते वगळले जाते. राउटरवर पॅकेज हाताळणारे साधन २४.१० या आवृत्तीपर्यंत ओपीकेजी होते आणि त्यानंतर एपीके आले आहे. सगळी पॅकेज इमेजमध्येच भरली, तर या बदलाचा पहिल्या बूटला काही त्रास होत नाही.

'फाइल्स' डिरेक्टरीची रचना राउटरच्या मूळ रचनेसारखीच ठेवायची असते. तिच्यात 'ईटीसी', त्यात 'यूसीआय-डिफॉल्ट्स', आणि त्यात '९९' ने सुरू होणाऱ्या नावाची आपली स्क्रिप्ट असावी. ९९ यासाठी, की पॅकेजांच्या स्वतःच्या स्क्रिप्ट आधी होऊन जाव्यात. 'ईटीसी' मधील 'ड्रॉपबेअर' (राउटरवरचा एसएसएच-सर्व्हर) या डिरेक्टरीत आपली एसएसएचची सार्वजनिक किल्ली 'ऑथराइज्ड-कीज' या फाइलीत ठेवावी आणि त्या फाइलीची परवानगी ६०० करावी.

गुपितांबद्दल येथेच बोलायला हवे. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला स्क्वॅशएफएस उघडून आतली प्रत्येक फाइल वाचता येते, आणि पहिल्या बूटनंतर स्क्रिप्टने यादी पुसली तरी खालच्या थरात ती राहतेच. म्हणून मी असा नियम पाळतो : वायफायची जी किल्ली वाचनालयाच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवली जाणार आहे ती यादीत असली तरी चालते, पण दूरस्थ व्यवस्थापनाची खासगी किल्ली इमेजमध्ये कदापि नसावी. ती प्रत्येक राउटरने स्वतः तयार करावी. याच कारणाने एका राउटरचा बॅकअप घेऊन तो सगळ्यांवर चढवण्याचा सोपा मार्गही टाळावा. त्या बॅकअपमध्ये ड्रॉपबेअरच्या होस्ट-किल्ल्याही येतात, मग सगळे राउटर एकच ओळख सांगू लागतात, आणि कोणी त्यांच्यापैकी एकाचे सोंग घेतले तर ते आपल्याला कळतही नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील फर्मवेअर सिलेक्टरमध्येही पहिल्या बूटची स्क्रिप्ट चिकटवण्याची सोय आहे. एक-दोन राउटरसाठी ती फार सोयीची आहे, पण तेथे लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो हे लक्षात असू द्यावे.

पायरी ३ : स्क्रिप्ट

स्क्रिप्ट बिझीबॉक्सच्या अ‍ॅश या शेलमध्ये चालते. तेथे बॅशमधली अ‍ॅरेसारखी साधने नाहीत, म्हणून साध्या शेलच्या मर्यादेतच लिहावे. पहिल्याच ओळीत सगळे आउटपुट आणि चुका 'टीएमपी' मधील एका फाइलीकडे वळवाव्यात. लॉग-सेवा त्या वेळी अजून सुरू झालेली नसते, त्यामुळे लॉगरला पाठवलेले संदेश हरवतात.

यानंतर पहारा बसवायचा, म्हणजे काम आधीच झाले आहे का हे सांगणारी खूण ठेवायची. मी 'ईटीसी' मधील 'कॉन्फिग' डिरेक्टरीत आपल्या कामापुरती एक स्वतंत्र यूसीआय फाइल ठेवतो आणि तिच्यात 'व्हर्जन' नावाचा एकच पर्याय लिहितो. यूसीआय नसलेल्या फाइलीत लिहू शकत नाही, म्हणून ती आधी 'टच' करून निर्माण करावी. मग तो पर्याय वाचावा. तो रिकामा असेल, तर राउटर कोरा आहे आणि सगळी कामे करायची आहेत. त्यात १ असेल आणि इमेजची आवृत्ती २ असेल, तर फक्त दुसऱ्या आवृत्तीत वाढवलेली कामे करायची आहेत. दोन्ही आकडे सारखे असतील, तर काहीही न करता शून्य परत द्यायचा. 'कॉन्फिग' डिरेक्टरीतल्या फाइली अद्ययावतीकरणात आपोआप राखल्या जातात आणि फॅक्टरी रीसेटमध्ये पुसल्या जातात, त्यामुळे हा एकच आकडा दोन्ही प्रसंगांचे उत्तर देतो. पहारा म्हणून इतर ठिकाणी ठेवलेली फाइलही चालते, पण मग तिचे नाव 'सिसअपग्रेड' या अद्ययावतीकरणाच्या आज्ञेच्या राखायच्या यादीत घालावे लागते, आणि ते विसरले जाते.

पहाऱ्यानंतर ओळख. मॅक पत्ता वाचून लहान अक्षरांत आणावा आणि 'ऑक' ने यादीतली त्याची ओळ शोधावी. ओळ सापडली नाही तर स्क्रिप्टने अडून बसू नये. अशा वेळी मी मॅक पत्त्याच्या शेवटच्या ६ अक्षरांवरून तात्पुरते नाव देतो, वायफाय बंदच ठेवतो आणि बाकीची सुरक्षेची कामे पूर्ण करतो. अनोळखी राउटर उघडा पडण्यापेक्षा मुका राहिलेला बरा.

आता सेटिंग. 'सिस्टीम' मध्ये नाव लिहावे आणि वेळेचे दोन पर्याय भरावेत. 'झोननेम' मध्ये आशिया/कोलकाता आणि 'टाइमझोन' मध्ये 'आयएसटी' पुढे उणे पाच-तीस. येथे पुष्कळ जण अधिकचे चिन्ह लावतात, कारण भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. परंतु पॉसिक्स या युनिक्स-मानकाच्या पद्धतीत चिन्ह उलटे असते. स्थानिक वेळेत किती मिळवले म्हणजे ग्रिनिचची वेळ येते, ते तेथे लिहायचे असते.

'नेटवर्क' मध्ये लॅनचा पत्ता बदलणे हे गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम आहे. ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ लॅन पत्ता १९२.१६८.१.१ आहे, आणि फायबर कंपन्या घरोघरी बसवतात त्या डब्यांपैकी अनेकांचा पत्ताही नेमका तोच असतो. दोन्ही बाजूंना एकच जाळे आले की राउटरला बाहेरचा रस्ता उमगत नाही. दिवे सगळे लागतात, वायफाय जोडले जाते आणि इंटरनेट मात्र येत नाही. ही तक्रार फोनवरून ओळखणे फार अवघड असते. म्हणून मी प्रत्येक एककाला १०.४४ ने सुरू होणारे जाळे देतो, ज्याचा तिसरा आकडा म्हणजे यादीतला क्रमांक आणि चौथा १ असतो. क्रमांक १७ च्या राउटरचा पत्ता १०.४४.१७.१ होतो, आणि पत्ता ऐकला की राउटर कोणत्या गावचा ते मला यादी न पाहता कळते. लिहिताना आधी जुना 'आयपीअ‍ॅड्रेस' पर्याय पूर्ण पुसावा आणि मग नवा पत्ता व नेटमास्क भरावा, म्हणजे मूळ फाइलीत तो एकेरी पर्याय असो वा यादी, जुना पत्ता मागे उरत नाही.

वायफायसाठी 'रेडिओ-शून्य' हा २.४ गिगाहर्ट्झचाच असेल असे गृहीत धरू नये. मॉडेल बदलले की क्रम बदलतो. सगळ्या रेडिओंमधून फेरी मारून प्रत्येकाचा 'बँड' पर्याय वाचावा, देशाचा कोड भारताचा म्हणजे 'आयएन' करावा आणि 'डिसेबल्ड' शून्य करावा. वायफायची चिप ओळखायला काही राउटरना वेळ लागतो आणि आपली स्क्रिप्ट चालते तेव्हा वायरलेसची फाइल तयारच नसते. म्हणून वायफायची कामे मी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवतो, तिच्यात वेगळा पहारा ठेवतो, आणि रेडिओ सापडला नाही तर ती मुद्दाम १ परत देते. ती पुसली जात नाही आणि पुढच्या बूटला पुन्हा प्रयत्न करते. मुख्य स्क्रिप्टचे काम मात्र त्यामुळे अडत नाही.

वायफायचे नाव मराठीत ठेवण्याची इच्छा ग्रंथपालांची असते आणि माझीही असते. नावाची मर्यादा ३२ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. 'वाचनालय' हा शब्द २१ बाइटचा होतो आणि बसतो. 'वाचनालय-सेलू' मात्र ३४ बाइटचे होते आणि बसत नाही. गावाचे नाव हवेच असेल, तर 'ग्रंथ-सेलू' सारखे आखूड नाव शोधावे लागते.

प्रवेशाच्या बाबतीत ड्रॉपबेअरचे 'पासवर्ड-ऑथ' आणि 'रूट-पासवर्ड-ऑथ' हे दोन्ही पर्याय बंद करावेत. मूळ प्रणालीत रूटला पासवर्ड नसतो. मी 'यूरँडम' मधून एक लांब यादृच्छिक पासवर्ड काढून तो बसवतो आणि कोठेही नोंदवत नाही. प्रवेश फक्त किल्लीने होतो. लुसी हे सेटिंगचे वेब-पान मी इमेजमध्ये भरत नाही, त्यामुळे जागाही वाचते.

सगळे बदल आधी यूसीआयकडे सोपवावेत आणि अगदी शेवटी एकत्र 'कमिट' करावेत. कमिट होईपर्यंत ते रॅममध्ये असतात, म्हणून मध्येच वीज गेली तरी अर्धवट सेटिंग मागे राहत नाही. आवृत्तीचा आकडा सर्वांत शेवटी लिहावा. त्याच्याखाली शून्य परत देणारी ओळ उघडपणे लिहावी, कारण स्क्रिप्टचा निकाल तिच्या शेवटच्या आज्ञेवर ठरतो. शेवटी एखादे 'ग्रेप' असले आणि त्याला काही सापडले नाही, तर सगळे काम झालेले असूनही स्क्रिप्ट अयशस्वी धरली जाते आणि प्रत्येक बूटला चालत राहते.

पायरी ४ : इंटरनेट आल्यानंतरची कामे

केंद्राकडे नोंदणी करणे आणि व्यवस्थापनाची वायरगार्ड जोडणी (केंद्रापर्यंतची कूटबद्ध खासगी वाट) उभारणे ही कामे इंटरनेटशिवाय होत नाहीत. अनेक जण ती वॅन जोडली गेल्याच्या हॉटप्लग-घटनेवर टांगतात, म्हणजे ती घटना घडताच स्क्रिप्ट आपोआप चालते. मी काही महिने तसेच केले आणि वीज वारंवार जाणाऱ्या गावांतून नोंदणी अपयशी ठरल्याचे पाहिले. कारण घड्याळात होते. या राउटरना बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. बूट होताना प्रणाली 'ईटीसी' मधील सर्वांत ताज्या फाइलीची वेळ उचलून घड्याळ तेथे नेऊन ठेवते, म्हणजे ते काही महिने मागेही असू शकते. मागे पडलेल्या घड्याळाला सर्व्हरचे नवे प्रमाणपत्र 'अजून सुरू न झालेले' वाटते आणि राउटर जोडणी नाकारतो. वायरगार्डचीही अशीच अडचण होते, कारण त्याच्या हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो आणि पूर्वीपेक्षा जुना शिक्का आला की समोरची बाजू तो टाकून देते.

उपाय असा की ही स्क्रिप्ट 'ईटीसी' मधील 'हॉटप्लग-डी' डिरेक्टरीत, 'एनटीपी' (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत) या उपडिरेक्टरीत ठेवावी. वेळ जुळली की तेथील स्क्रिप्टना 'स्ट्रॅटम' ही घटना कळवली जाते. वेळ बाहेरून जुळली याचाच अर्थ इंटरनेट आहे आणि घड्याळ बरोबर आहे, म्हणजे दोन्ही अटी एकाच ठिकाणी पूर्ण होतात. बिझीबॉक्सचा एनटीपी-कार्यक्रम दर ११ मिनिटांनीही हाक देतो, त्यामुळे नोंदणी फसली तर पुढचा प्रयत्न वेगळे काही न लिहिता होतो. स्क्रिप्टने सुरुवातीलाच आपला पहारा पाहून, काम झालेले असेल तर लगेच बाहेर पडावे, आणि लांबणारे काम पार्श्वभूमीवर ढकलावे.

या टप्प्यात राउटर वायरगार्डची खासगी किल्ली स्वतः तयार करतो, आपल्याजवळच ठेवतो आणि फक्त सार्वजनिक किल्ली व आपला क्रमांक केंद्राला पाठवतो. रीसेट झालेला राउटर तोच क्रमांक आणि नवी किल्ली घेऊन परत येईल, हे केंद्राच्या बाजूला मान्य असले पाहिजे. मात्र ती किल्ली आपोआप स्वीकारू नये. मी आधी ग्रंथपालांना फोन करून रीसेट खरेच झाले का ते विचारतो आणि मगच मंजुरी देतो. मोबाइल डेटावर चालणाऱ्या गावांसाठी 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवावे, नाहीतर मधल्या नॅटमधील, म्हणजे अनेकांना एकाच पत्त्यावरून बाहेर नेणाऱ्या यंत्रणेतील, नोंद मिटते आणि केंद्राकडून राउटरपर्यंत पोहोचता येत नाही.

पायरी ५ : चाचणी

आधी संगणकावर 'एसएच' ला उणे 'एन' लावून व्याकरण तपासावे आणि शेलचेक हे स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारे साधन चालवावे. मग त्याच फाइली घालून एक्स८६ ची स्क्वॅशएफएस इमेज बनवावी आणि ती क्यूईएमयू या आभासी संगणकात चालवावी. वायफाय सोडून जवळजवळ सगळे तेथे तपासता येते, आणि राउटरची फ्लॅश झिजत नाही. त्यानंतर एका खऱ्या राउटरवर चार प्रसंग घडवून पाहावेत : कोरा बूट, बूट सुरू असताना प्लग काढणे, 'फर्स्टबूट' आज्ञेने केलेले रीसेट, आणि एखादी सेटिंग हाताने बदलून मग सेटिंग राखून केलेले अद्ययावतीकरण. चौथ्या प्रसंगी आपला हाताने केलेला बदल टिकला पाहिजे. प्रत्येक वेळी यूसीआय-डिफॉल्ट्सची डिरेक्टरी रिकामी झाली का ते पाहावे. तेथे फाइल उरली असेल, तर तिने शून्य परत दिलेला नाही. 'यूसीआय चेंजेस' नेही काही दाखवू नये, दाखवले तर कुठेतरी कमिट राहिले आहे.

राउटर अजिबात उठत नसेल, तर बूट होताना दिवा लुकलुकू लागताच बटण दाबून फेलसेफ या बचाव-अवस्थेत जावे आणि १९२.१६८.१.१ वर एसएसएच करावे. तेही जमले नाही तर सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्डाला थेट तारांनी जोडलेले टर्मिनल, वापरावा. बहुतेक राउटरवर त्याचा वेग १,१५,२०० आणि व्होल्टेज ३.३ असते. यूएसबी-टीटीएल जोडताना ग्राउंड, आरएक्स आणि टीएक्स या तीनच तारा जोडाव्यात, विजेची तार जोडू नये. ५ व्होल्टचे साधन लावून मी एक बोर्ड कायमचा गमावला आहे.

पायरी ६ : चढवणे आणि पाठवणे

राउटरवर अजून कंपनीचे फर्मवेअर असेल तर 'फॅक्टरी' नावाची इमेज आणि आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर 'सिसअपग्रेड' नावाची इमेज वापरावी. चढवण्याआधी एसएचए-२५६ ची बेरीज जुळवावी. चढवल्यानंतर ५ मिनिटे वीज काढू नये. मी हे काम इन्व्हर्टरवरच करतो.

पाठवण्याआधी राउटरच्या पाठीवर एक कागद चिकटवतो. त्यावर क्रमांक, वायफायचे नाव, फायबरच्या डब्यातून येणारी वायर कोणत्या पोर्टात घालायची, आणि 'वीज जोडल्यावर ५ मिनिटे थांबावे, बंद-चालू करू नये' ही सूचना असते. ग्रंथपालांना फोनवर मी एवढेच सांगतो की अडचण आली तर पिनने बटण १० सेकंद दाबा आणि चहा घेऊन या. पूर्वी ज्या बटणाची मला धास्ती होती, तेच आता दुरुस्तीची पहिली पायरी झाले आहे.

एखादा राउटर विजेच्या झटक्याने जळाला, तर यादीत त्या क्रमांकापुढे नव्या राउटरचा मॅक पत्ता लिहावा, जुना पत्ता काढून टाकावा आणि इमेज पुन्हा बनवावी. नवा राउटर जुन्याचेच नाव, पत्ता आणि वायफायची किल्ली घेऊन उभा राहतो, आणि वाचनालयातील कोणालाही आपल्या फोनमध्ये काही बदलावे लागत नाही. केंद्राच्या बाजूची जळालेल्या राउटरची सार्वजनिक किल्ली मात्र त्याच दिवशी आठवणीने रद्द करावी.